मनाची सुई

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा या गोष्टीवरून घाईघाईनं पुढं जाते – त्यालाही वाटत असंल, ही बाई रोज इथं येऊन कुठं अडखळते? तुम्हाला सांगते, कारण तुमचं माझं काही नातं नाही. उद्या तुम्ही माझ्या दारात चहाला येणार नाही. नात्यातल्या माणसाला खरं सांगायचं म्हणजे मग जन्मभर त्याच्या नजरेला नजर द्यायची, आणि तेवढी धमक माझ्यात असती तर हे झालंच नसतं.

आधी माझी ओळख सांगते, म्हणजे पुढचं नीट कळंल. मी शहरात राहते, गारखेड्यात. सासर कन्नड तालुक्यातलं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर, आता थोडी शेती, थोडी मजुरी. आमचे हे कंपनीत लागले म्हणून आम्ही शहरात आलो. आता शहरात एक घर झालं की ते घर अख्ख्या भावकीचं दवाखान्याचं ठिकाण होतं, हे ज्यांच्याकडं गावाकडून माणसं येतात त्यांना सांगायला नको. कुणाचा मोतीबिंदू, कुणाचं बाळंतपण, कुणाचा मुतखडा – सकाळच्या एसटीनं पेशंट दारात हजर. संगं दोन माणसं, फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि सगळ्यांच्या तोंडी एकच – वहिनीला सगळं माहीत आहे.

आणि मला माहीत होतंच की! आधी कोणत्या खिडकीवर उभं राहायचं, कोणती सिस्टर गोड बोललं की ऐकते आणि कोणतीला जरा आवाज चढवावा लागतो, कोणत्या डॉक्टरपुढं रडायचं आणि कोणत्या डॉक्टरपुढं बिलकुल रडायचं नाही. मिजास होती मला त्याची. खोटं कशाला बोलू – लई मिजास होती. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मागून येणारं माणूस माझा पदर धरून चालायचं, तेव्हा मला स्वतःचं भारी कौतुक वाटायचं.

संगीता माझी धाकटी जाऊ. दिराची बायको. मला आक्का म्हणते. लग्न होऊन आली तेव्हा हिच्या आवाजानं घर दणाणून जायचं – बांधावरून हाक मारली की चुकार मेंढरू निम्म्या वाटेतून माघारी फिरायचं. मी तिला चिडवायचे, अगं, जरा हळू बोल, कन्नडच्या बाजारात ऐकू जातंय. तर ही आणखी मोठ्यानं हसायची. अशी बाई – आणि ती हळूहळू गप्प झाली. एकदम नाही, हळूहळू. आधी हसणं गेलं, मग बोलणं, मग जेवण, मग झोप.

कारण काय? हेच सगळे विचारत होते. नवरा मारतो का? नाही. सासू छळते का? छळते, पण तेवढं सगळ्यांच्याच सासवा छळतात. पोरं चांगली, मेंढरं चांगली, पाऊसपाणी बरं. कारण सापडंना म्हणून सासूबाईंनी बाहेरचं आहे असं ठरवलं, लिंबू-नारळ झाले. मग एक दिवस दिराचा फोन आला. वहिनी, ही नुसती भिंतीकडं बघत बसून राहती, मला भ्या वाटायलं, तुमच्याकडं आणून सोडतो.

आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. मी काहीबाही बडबडत होते आणि ती जुडी हातात धरून बसली होती. एकाएकी म्हणाली – आक्का, रोज सकाळी मला वाटतं, डोळे उघडलेच नसते तर बरं झालं असतं.

मी अडाणी नाही हो. दवाखान्यांत एवढी वर्षं उठबस केलेली बाई – हे साधं नाही, हे मला त्याच क्षणी कळलं. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर मला कळलं नाही असं म्हणायची सोय राहू नये. मी तिला जवळ घेतलं, म्हणलं, येडे, तुला चांगल्या डॉक्टरला दाखवते, मनाचे पण डॉक्टर असतात. तिनं विचारलं, मनाला बी औषध असतं? म्हणलं, असतं. तिच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. मी पाहिलं ते.

त्याच संध्याकाळी गुपचूप चौकशी केली. गुपचूप का, तेही सांगते. माझ्या पोरीचं, पूजाचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा चांगला, नोकरीवाला, घर समजूतदार. बघणं झालं, बोलणी झाली, फक्त साखरपुड्याची तारीख ठरायची होती. आमच्यात सोयरीक जुळताना हुंड्याच्या आधी घराण्याची चौकशी होते – कुणाला फिट येते का, कुणाच्या अंगावर पांढरे डाग आहेत का, कुणी डोक्यानं अधू आहे का. जाऊ ही रक्ताची नसते, हे मला कळतं. पण चौकशी करणाऱ्याला कुठं कळतं? त्याला एवढंच कळतं की त्या घरातली एक बाई वेड्यांच्या डॉक्टरकडं जाते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला बजावलं.

तर एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मनाचे डॉक्टर बसायचे. पहिल्या मजल्यावर साधा दवाखाना, खाली मेडिकल. मला ते फार सोयीचं वाटलं – जिन्यात कुणी भेटलंच तर काहीही सांगता येईल. बघा, मी आधीच खोट्याची तयारी करून निघाले होते!

आणि भेटलंच कुणीतरी. कुणीतरी म्हणजे कोण? तर मुलाची मावशी. ही सोयरीक जुळवली तीच बाई! पहिला मजला ओलांडून दुसऱ्याच्या पायरीवर माझा पाय पडलेला, मागं संगीता माझा पदर धरून, आणि खालून आवाज – अगंबाई, तुम्ही इकडं? वर कुणाकडं निघालात?

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या जिन्यात कळलं. पण तोंड माझं तयारीचं. म्हणलं, वर कुठं, चुकून चढलो की! फ्लूची लस घ्यायला आलो, घरोघरी खोकला लागलाय ना. वाटलं, एवढ्यावर ती पुढं जाईल आणि आम्ही थोडं थांबून वर जाऊ. तर मावशी खूश! अहो, मीपण सासऱ्यांना त्याच्यासाठीच आणलंय, चला, संगंच घेऊ. आणि तिनं माझा हात धरला. काय सांगू तुम्हाला – नाही कसं म्हणायचं? फ्लूची लस घ्यायला आलेली बाई फ्लूची लस का नाही घेणार?

गेलो मग पहिल्या मजल्यावर. बाकावर बसलो – मावशीचे सासरे, मावशी, मी, आणि भिंतीच्या कडंला डोक्यावरून पदर घेतलेली संगीता. मावशी तारखेचं बोलत होती, हॉलचं बोलत होती, मी हो-हो करत होते आणि माझे कान सगळे वरच्या मजल्यावर. मी आधीच फोनवरून संगीताच्या नावानं नंबर लावून ठेवला होता तिथं. आणि व्हायचं तेच झालं. वरच्या माणसानं कठड्यावरून वाकून हाक मारली – संगीताबाई कोण आहेत? संगीताबाई?

संगीतानं मान वर केली. मावशीनं माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, तुमच्या जाऊबाईंचं नाव काय हो?

मी म्हणलं – रेखा.

वरून आणखी एकदा हाक आली. मग तो माणूस म्हणाला, नाहीत वाटतं, पुढच्याला पाठवा. संगीतानं मान खाली घातली. आमच्यात धाकटी जाऊ मोठीच्या शब्दापुढं चारचौघांत बोलत नाही, आणि त्या रिवाजाचा मला त्या घटकेला किती आधार वाटला, हे आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

दोघींना लस टोचली. मलाही घ्यावीच लागली. सिस्टर चांगली होती, नीट समजावून सांगत होती – दंड दुखंल, रात्री कणकण वाटंल, घाबरायचं नाही, आणि याचा असर व्हायला दोन आठवडे लागतात. मग थोडा वेळ बाहेर बसवून ठेवलं. मावशी आणि तिचे सासरे गेल्यावर मला वर जाता आलं असतं का? आलं असतं. अजून गर्दी होती वर, हात जोडले असते तर डॉक्टरनं घेतलं असतं – गोड बोलून नंबर मिळवायची विद्या माझ्याइतकी कुणाकडं होती? पण मावशी खाली मेडिकलात औषधं घेत उभी होती आणि माझे पाय खालीच वळले.

आता रिक्षातलं सांगते. खरं तर तिथंच अडखळते मी.

रिक्षा क्रांती चौकाच्या गर्दीत अडकलेली. संगीतानं हळूच विचारलं – वरून माझंच नाव पुकारलं ना, आक्का? मग आपण वर का नाय गेलो? मी पदर सावरायला लागले. मग तीच विचार करून म्हणाली – ती बाई व्हती म्हणून तुम्ही फ्लू म्हणलात, व्हय ना? ही मनाचीच सुई व्हती ना?

बघा, खोटं तिनंच माझ्या हातात आणून ठेवलं. माझी लाज तिला न सांगता समजली होती आणि ती झाकायला तीच मला मदत करत होती. मी एवढंच म्हणायला हवं होतं – नाही गं, ती खरंच फ्लूचीच, उद्या आपण पुन्हा वर जाऊ. मी काय म्हणलं? मी म्हणलं – व्हय, मनाचीच. वर नुसतं नाव लिहायला बोलवतात, सुई खाली देतात.

मग तुम्ही का टोचून घेतली, असं तिनं विचारलं. त्याचंही उत्तर माझ्याकडं तयार. म्हणलं, तुला भ्या वाटू नये म्हणून. तिनं माझा हात हातात घेतला आणि घरापर्यंत सोडला नाही. दोन-तीनदा डोळे पुसले. माझ्यासाठी टोचून घेतलं आक्का तुम्ही, म्हणाली. आणि मी – मी त्या मायेची लाज वाटून घ्यायची सोडून खिडकीबाहेर, छे, रिक्षाला कुठली आली खिडकी – बाहेर बघत बसले.

त्या रात्री तिला कणकण आली. आतलं निघायलंय, असं ती म्हणाली. माझाही दंड ठणकत होता, बरोबर त्याच जागी. दुसऱ्या दिवशी नेऊ, असं मी मनाशी म्हणत होते. दुसऱ्या दिवशी पूजाच्या सासरहून माणसं तारीख ठरवायला आली. तिसऱ्या दिवशी दीर जीप घेऊन आला, मेंढरं वाड्यात एकटी पडलीत म्हणाला. मी तोंडदेखलं म्हणलं, राहू द्या अजून, डॉक्टरला परत दाखवायचंय. तर संगीताच म्हणाली, आता कशाला? सुई झाली की. दोन हप्ते थांबायचंय नुसतं. आणि मला – हे सांगायलाही नको वाटतं – मला हायसं वाटलं. ती जीपमध्ये बसली आणि मी घरात येऊन चहा टाकला.

मग ते दोन हप्ते. तिचा एक दिवसाआड फोन यायचा. अजून काय फरक नाय आक्का, पण व्हईल. आज भाकरी अर्धी खाल्ली, सुईचंच असंल ना? मी म्हणायचे, असंल. एकदा म्हणाली, सकाळी तसंच वाटलं, पण मी मनाला सांगितलं, थांब, औषध चढायलंय. ऐकताय ना तुम्ही? ती बाई जीव धरून बसली होती, आणि कशावर? तर खोकल्याच्या लसीवर! मला झोप लागंना. रोज ठरवायचं, आज दिराला फोन करते, सगळं सांगते – आणि रोज साखरपुड्याचं काहीतरी काम निघायचं. साडी. पाहुण्यांची यादी. मिठाई. माणसाला पळायचं असलं की कामं काय कमी असतात?

साखरपुडा झाला, चांगला झाला. आणि त्याच हप्त्यात, भर दुपारी, संगीताचा फोन आला. आवाज अगदी शांत. तो शांतपणा मला आधी समजला, शब्द नंतर. म्हणाली – आक्का, सुई लागू पडली नाय. मुदत संपली. आता मला कळलं, माझ्यावर इलाजच नाय.

दीर बाजाराला गेलेला, सासूबाई रानात, पोरं शाळेत, ती घरात एकटी. मी तिच्याशी बोलत राहिले आणि पूजाला खुणा केल्या. पूजा माझ्यापेक्षा शहाणी. तिनं तिच्या फोनवरून सरकारच्या त्या मनाच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि तिकडचं ऐकून मला कागदावर लिहून दाखवायला लागली – एकटं सोडू नका. कुणाला तरी लगेच घरात पाठवा. औषधं, फवारणीच्या बाटल्या, काय असंल ते लांब ठेवायला सांगा. बोलत राहा. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार आहे का. मला वाटलं, असं कसं विचारायचं, विचारलं तर तिच्या मनात भरायचं. पूजानं त्या शब्दांखाली दोनदा रेघ मारली. मी विचारलं. संगीता म्हणाली, व्हय.

तेवढ्यात पूजानं गावाकडं संगीताच्या शेजारी राहणाऱ्या हमीदाचाचीला फोन लावला. चाची पिठाचे हात तसेच घेऊन पळत आली, मला फोनमधून ऐकू आलं – क्या हुआ बेटा, चल, मेरे पास बैठ, मी कुठं जात नाय. तिनं सगळं लांब ठेवलं, संगीताला धरून बसली, दीर येईपर्यंत हलली नाही. त्या बाईचे उपकार फिटायचे नाहीत.

पण चाची येईपर्यंतचा तो वेळ – तेव्हा माझ्या जिभेवर एक वाक्य होतं. संगे, ती सुई मनाची नव्हतीच गं. तुझ्यावर इलाज अजून झालेलाच नाही. तुला इलाज आहे! त्या घडीला तिला जगात दुसऱ्या कशाचीच गरज नव्हती, एवढ्या एका वाक्याची होती, आणि ते फक्त माझ्याकडं होतं. मी देवाचं नाव घेतलं, पोरांची आठवण दिली, रडले. ते वाक्य बोलले नाही. का? तर समोर पूजा बसली होती, आणि आई खोटारडी आहे हे तिला कळलं असतं.

तुम्हाला वाटत असंल, हीच ती कबुली. मलाही वाटायचं की इथवर सांगितलं की सुटले. पण एवढंच असतं तर मी कदाचित कधीच कुणाला तरी सांगून मोकळी झाले असते. भीती होती, घाई होती, पोरीचं लग्न होतं – लोकांनी समजून घेतलं असतं. पुढचं मात्र कुणी समजून घेऊ नये.

तिला जीपनं तसंच शहरात आणलं, मोठ्या दवाखान्यात मनाच्या विभागात. मी दारातच उभी होते. डॉक्टर म्हणजे तरुण पोरगी, पण फार शांत. आम्हा सगळ्यांना बसवलं – दीर, आमचे हे, मी. संगीताशी आपुलकीनं बोलली. मग विचारलं, याआधी काही उपचार झालेत का?

संगीता म्हणाली – व्हय. आक्कानं मला मनाची सुई दिली व्हती. लोकांसमोर खोकल्याची म्हणून दिली, पण मनाची व्हती. वरून मला नावानं हाक मारत व्हते, पण जायचं नव्हतं. आणि तिथं माझं नाव रेखा ठेवलं व्हतं.

शब्द न् शब्द खरा. आणि ऐकायला कसा वाटतो? डॉक्टरचं पेन थांबलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, दिरानं पाहिलं. मी म्हणलं – नाही हो डॉक्टर. ती साधी फ्लूची लस होती, मीपण घेतली. मनाची-बिनाची काही नाही. तिनंच तसं धरून ठेवलंय.

डॉक्टरनं संगीताला विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं, मनाची सुई म्हणून? संगीतानं माझ्याकडं हात केला. आक्कानंच. रिक्षात.

आणि मी हसले. त्या खोलीत मी कसनुसं हसले आणि म्हणलं – मी असं कशाला म्हणीन? हल्ली तिला असं काहीही वाटतं.

संगीता माझ्याकडं बघत राहिली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती गोंधळली. कपाळाला आठ्या घालून आठवायला लागली, खरंच आठवायला लागली, आणि मग हळूच म्हणाली – मग मलाच तसं वाटलं असंल. डॉक्टरनं मग तिला पुष्कळ विचारलं – कुणी दिसत नसताना हाका ऐकू येतात का, आपलं नाव कुणी बदललंय असं वाटतं का, घरची माणसं खोटं वागतात असं वाटतं का. शेवटच्या प्रश्नाला तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, नाय, आमच्या घरची माणसं लई चांगली.

तिला दाखल केलं. औषधं लागू पडली. मनाला खरंच इलाज असतो – दोन महिन्यांनी ती पोटभर जेवायला लागली, वर्षाच्या आत बांधावरून हाक मारायला लागली. पण उदासीच्या गोळीसंगं एक भासाची गोळी – नसलेलं खरं वाटणाऱ्याला देतात ती – सुरू झाली, ती त्या दिवसापासून. त्या गोळीनं तिची जीभ जड व्हायची, हात कापायचे, लई झोप यायची. मी तपासायला संगं जायचे. सगळे म्हणायचे, मोठ्या जावेनं वाचवलं हिला. सासूबाई चार बायकांत सांगतात. मी ऐकून घेते.

आणि आणखी एक झालं. भासाची गोळी घेणाऱ्या बाईचं बोलणं घरात कुणी खरं धरत नाही. मागं चुलतभावकीनं बांध कोरला. तिनं डोळ्यांनी पाहिलं, घरी येऊन सांगितलं, तर दीर म्हणाला, तुझं ऱ्हाऊ दे. पेरणीच्या वेळी बांध खरंच सरकलेला निघाला, तरी कुणी म्हणलं नाही की संगीता बरोबर होती. आता ती स्वतःच विचारते. फोनवर, साध्या साध्या गोष्टी – आक्का, दिवाळीला मी पूजाला लुगडं दिलं व्हतं ना? का माझ्या मनाचं? मी म्हणते, दिलं होतंस गं. तेवढं खरं सांगायला माझी जीभ कशी पटकन वळते!

पूजाचं लग्न होऊन आता तिला लेकरू आहे. कुणाचं काही अडलेलं नाही. मावशी मागंच गावाला राहायला गेली. लपवायला आता कारणसुद्धा उरलेलं नाही.

गेल्या महिन्यात संगीता तपासायला आली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता बरीच चांगली आहे, ती भासाची गोळी बंद करून बघू. घरी आलो, मी कुकर लावत होते, ती ओट्यापाशी उभी. घरात आम्ही दोघीच. म्हणाली – आक्का, एक इचारू का? रागावू नका. ती सुई... रिक्षात तुम्ही मला मनाची म्हणला व्हतात का नाय? मला अजून आठवतं. ती गर्दी आठवती, तुमचा हात आठवतो. तुम्ही म्हणाल ते मी मानंन.

मी तिच्याकडं पाहिलं आणि म्हणलं – नाही गं. मी कशाला म्हणीन?

तिनं मान डोलावली. मग म्हणाली – म्हंजी डोक्यातून अजून गेलेलंच नाय ते. डॉक्टरीणबाईंना सांगावं लागंल, ती गोळी चालूच राहू द्या.

आणि पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून तिनं माझ्याकडं पाणी मागितलं. मी दिलं.